आधी पळणारा घ्या

खो-खोच्या व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडायला मला बसवले आणि पहिली पाळी माझी आली, तर मी वजीर घेणार नाही. खांबावरून सूर मारणाराही घेणार नाही. मी पळणारा घेईन. तो मैदानात शिरला की लवकर बाहेर येत नाही, समोरच्या संघाचा प्रशिक्षक घड्याळाकडे बघत राहतो आणि प्रेक्षक चहा प्यायला उठतात. तसला.

सोलापुरात हे बोललो की माझे समवयस्क अंगावर येतात. परवा पार्क मैदानाबाहेर एकाने सुनावलेच, "मास्तर, पॉइंट मारणारा आणतो. पळणारा काय आणतो बे?" उत्तर लांबलचक होते, तोवर चहा संपला. म्हणून इथे लिहितो.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे आयपीएलमुळे सगळ्यांना लिलावच ठाऊक. लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. एका संघाने एक नाव उचलले की ते यादीतून गेले, मग दुसऱ्या संघाची पाळी. पैशाचे भांडण मिटते आणि क्रमाचे सुरू होते. हातात एकच निवड आहे, तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत चांगली नावे संपणार आहेत. मग आधी कोणत्या जागेचा गडी घ्यायचा?

ही पद्धत अमेरिकन फुटबॉलची. तिथल्या व्यावसायिक लीगचा पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. गंमत अशी, की त्यात पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वांगर त्या लीगमध्ये कधी खेळलाच नाही. तिथे सगळ्यांची झुंबड क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणाऱ्या गड्यावर असते. त्यात चूक नाही, त्या खेळाची रचनाच तशी आहे. पण टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक २००० साली १९९व्या क्रमांकापर्यंत कुणाला नको होता आणि पुढे त्याने सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकला. जागा महत्त्वाची असणे वेगळे आणि त्या जागेचा नेमका माणूस ओळखता येणे वेगळे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्याबरोबर या ड्राफ्टचा अभ्यास केला होता. अगदी वरच्या निवडींना संघ वाजवीपेक्षा जास्त किंमत देतात, असे त्यांना दिसले. हुशार, श्रीमंत, पगारी तज्ज्ञ बाळगणारे संघसुद्धा!

आता घरचा खेळ. २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा संघ होते आणि त्यांनी खेळाडू लिलावाने नव्हे, ड्राफ्टने घेतले. मातीत खेळणारी आपली पोरे मॅटवर, दिव्यांच्या झोतात, टीव्हीवर दिसली. नियमही बदलले. आपल्या नेहमीच्या खेळात नऊ मिनिटांचा डाव, आठ बसलेले, एक पाठलागावर, गडी बाद केला की एक गुण. लीगमध्ये सात मिनिटांचा डाव, बसणारे कमी, साधा गडी मारला तर दोन गुण, हवेत सूर मारून किंवा खांबावरून झेपावून मारला तर तीन. पळणारी तुकडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकली की तिला बोनस गुण. याला ते ड्रीम रन म्हणतात. आणि वजीर. नेहमी पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. वजिराला हे बंधन नाही, तो कुठेही धावतो. पॉवरप्लेमध्ये तर असे दोन वजीर मैदानात उतरतात.

म्हणजे ड्राफ्टच्या टेबलावर मुख्य माल चार प्रकारचा: वजीर, सूर मारणारे, पळणारे आणि दोन्ही बाजू सांभाळणारे अष्टपैलू. नवख्या संघमालकाचा हात आधी वजिराकडेच जातो. नाव भारी, पोशाख वेगळा, कॅमेरा त्याच्यावर.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत खेळ शिकवला आणि सुट्टीच्या दिवसांत स्पर्धांच्या टेबलावर गुणलेखक म्हणून बसलो. पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग, विडी आणि तेलुगू. मैदानात पोरे एकमेकांना तेलुगूत सावध करायची, समोरच्या संघाला काही कळायचे नाही. गुणलेखकाला खेळ बघायला मिळत नाही अशी आमची तक्रार असते. मान खाली, हातात पेन. पण त्याला जे दिसते ते बाकीच्यांना दिसत नाही. प्रत्येक बाद गड्यापुढे मारणाऱ्याचा नंबर आणि पळणाऱ्याची वेळ लिहायची असते. मारणाऱ्याच्या नावापुढे गडी जमतात, पळणाऱ्याच्या नावापुढे मिनिटे आणि सेकंद. पेपरात बातमी येते तीही तशीच: अमुक, २.१० मिनिटे आणि ३ गडी. वाचणारा गड्यांचा आकडा वाचतो. मी आधी मिनिटे वाचतो.

हिशेब करून बघा. लीगचा डाव सात मिनिटांचा. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने येतात. तुमची तुकडी सरासरी १ मिनिट ४५ सेकंद टिकली, तर सात मिनिटांत चार तुकड्या बाद. बारा गडी, कमीत कमी २४ गुण समोरच्याला. हीच तुकडी २ मिनिटे २० सेकंद टिकली, तर तीनच तुकड्या बाद. नऊ गडी, १८ गुण. पस्तीस सेकंदांच्या फरकात सहा गुण वाचले, आणि पळायची वेळ सामन्यात दोनदा येते, म्हणजे बारा. ड्रीम रनचा बोनस मी धरलेलाच नाही. एकटा वजीर सामन्यात बारा गुण जास्तीचे आणून देईल का? चांगल्या दिवशी देईल. पण तेवढे गडी तुमच्याकडच्या दुसऱ्या कुणीतरी मारलेच असते, हेही त्यातून वजा करावे लागेल.

वजिराबद्दलचा माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. त्याची निम्मी ताकद नियमाने दिलेली आहे. मागे वळायची मोकळीक त्याच्या पायांनी कमावलेली नाही. तीच मोकळीक संघातल्या दुसऱ्या चपळ, डोके शाबूत असलेल्या पाठलाग करणाऱ्याला दिली, तर पन्नास टक्क्यांहून बरेच जास्त काम तोही करतो. पळणाऱ्याला नियम काहीच देत नाही. उलट सगळे नियम त्याच्या पाठीमागे लागलेले असतात.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. अंगाने काडी, शंभर मीटर शर्यतीत शेवटून दुसरी. पण खो-खोत तिला मारायला समोरच्या संघाला घाम फुटायचा. मी एकदा टेबलावरून उठून मुद्दाम खांबाजवळ जाऊन बघितले. ती पाठलाग करणारीच्या पायांकडे बघतच नव्हती. खांद्याकडे बघत होती. दिशा धरली की बदलता येत नाही, आणि दिशा आधी खांद्यात उतरते, मग पायात. खांदा डावीकडे झुकला की ही उजव्या अंगाने निसटायची, दोन बसलेल्या मुलींच्या मधून, अगदी सावकाश. पळायचीसुद्धा नाही. खो मिळून नवी उठेपर्यंत ती तिसऱ्या चौकात पोचलेली. साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणे) धरायची कधी, मोडायची कधी, खांबाला वळसा घालून दमायचे की मध्ये उभे राहून श्वास घ्यायचा, हे तिला कुणी फळ्यावर शिकवलेले नव्हते. रोज संध्याकाळी मोठ्या मुलींनी पाठलाग करून करून ते तिच्यात मुरले होते. असा गडी तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणून तो कमी असतो, आणि ड्राफ्टमध्ये जो माल कमी तो आधी उचलायचा.

माझ्या विरोधात जाणारा पुरावा मीच देतो. लीगच्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत, ४ सप्टेंबर २०२२. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. शेवटच्या मिनिटात ओडिशा मागे होती. घड्याळात काही सेकंद उरले असताना सूरज लांडेने हवेत सूर मारून गडी टिपला, तीन गुण मिळाले आणि ओडिशाने ४६-४५ असा एका गुणाने चषक नेला. साध्या स्पर्शाने गडी मारला असता तर दोनच गुण मिळाले असते, आणि दोनाने सामना बरोबरीत राहिला असता. सूर मारणाऱ्याची किंमत याहून स्पष्ट कशी दाखवायची? माझी दुसरी निवड तीच. फक्त एवढेच पाहायचे, की सूर मारणारा पोरगा खांबाजवळच्या चौकात बसायला तयार आहे का. खांबाला हात घालून सगळे अंग बाहेर झोकून द्यायचे, पळणाऱ्याला आपण सुटलो असे वाटत असते तेवढ्यात बोटांची टोके त्याच्या पाठीला लागतात; हे काम धाडसाचे कमी आणि वेळ साधायचे जास्त आहे. आणि कोपरे सोलवटून निघतात ते वेगळेच.

त्याच सामन्यात योद्धाजचे ४५ गुण झाले त्यात अखेरच्या टप्प्यातल्या ड्रीम रनचाही वाटा होता, हे मात्र विसरू नका. पुढच्या हंगामाच्या अंतिम लढतीत कटकला १३ जानेवारी २०२४ रोजी गुजरात जायंट्सने चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असे हरवले. गुण बघा कसे आटले.

गुण वाचवणाऱ्याची किंमत कबड्डीतही दिसते. २०२३च्या प्रो कबड्डी लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले, तो सर्वांत महाग. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. त्याचे मूळ काम पकडी करायचे. टायटन्स तळाला राहिले आणि पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून चषक जिंकला. पुढच्या वर्षी शादलू हरियाणाकडे गेला आणि चषकही हरियाणाकडे गेला. पवनचा दोष नाही, तो मोठाच खेळाडू. पलटणकडे अस्लम इनामदार आणि मोहित गोयतसारखे चढाई करणारे घरात होतेच, म्हणून त्यांना पकडीवर पैसा ओतणे परवडले. पण गुण आणणाऱ्यावर तिजोरी रिकामी करायची आणि गुण वाचवणारा उरलेल्या पैशात बघायचा, या सवयीला त्या एका वर्षाने चांगला धडा दिला.

अष्टपैलू मी चौथ्या क्रमांकावर टाकला असे समजू नका. खरा अष्टपैलू समोर असेल तर पळणाऱ्याच्याही आधी तोच, कारण एका निवडीत दोन गडी येतात. पण खरे अष्टपैलू विरळा. बहुतेकांची एक बाजू पक्की आणि दुसरी ढोबळ. आपल्या जिल्ह्याने मात्र एक दिला आहे. माळशिरस तालुक्यातले वेळापूर बाहेरच्यांना अर्धनारी नटेश्वराच्या देवळासाठी आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी माहीत. तिथला रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडून खेळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखालच्या भारतीय संघातही होता. भारताने अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असे हरवले. रामजी पळतो तेव्हाही बघण्यासारखा आणि मारतो तेव्हाही. असा पोरगा यादीत असताना दुसरे नाव घेणारा निवडकर्ता मी टेबलावरून उठवीन.

नंतरच्या फेऱ्यांत संघवाले एकेक नाव सुटे उचलतात, तिथे मला राग येतो. पळती तिघांची असते. तिघेही खांबाला चिकटून राहणारे निघाले तर दोन मिनिटांत गर्दी होऊन एकमेकांच्या आड येतात. एक साखळी धरणारा, एक वळसे घालून समोरच्याला दमवणारा आणि एक शेवटपर्यंत शांत राहणारा, अशी तुकडी जमली पाहिजे. तिसरा गडी एकटा उरला की सगळे जण त्याच्या मागे लागतात. तेव्हा जो आणखी चाळीस सेकंद काढतो, त्याचे नाव बातमीत बहुधा नसते. एकाच तालमीत वाढलेले दोघे यादीत खाली सापडले, तर वरच्या फेरीतल्या एका चमकदार नावापेक्षा मी ते दोघे घेईन.

आता शाळाशाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. लीगचे निवडकर्ते तालुक्याच्या स्पर्धेला येत नाहीत, ते आकडे मागतात. आपल्याकडे गुणपत्रिकेत गडी नीट लिहिले जातात, पळतीची वेळ "दीड मिनिट", "दोन मिनिटे" अशी अंदाजाने टाकली जाते, आणि स्पर्धा संपली की कागद रद्दीत. पळणाऱ्या पोराचा सगळा पुरावा त्या सेकंदांत असतो. स्टॉपवॉच लावा, वेळ सेकंदापर्यंत लिहा, तिघांपैकी शेवटी कोण उरला तेही लिहा, आणि पत्रिकेची एक प्रत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या.