संगणकाची स्मृती : राखून ठेवलेली आणि वापरलेली

शासकीय कामकाजात संगणकाचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. नोंदी, दाखले, वेतनपत्रके आणि हिशेब ज्या मोठ्या यंत्रांवर साठविले जातात, त्यांपैकी अनेक यंत्रे युनिक्स किंवा तिच्या धर्तीवरील लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. अशा यंत्रावर कधी कधी एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो. स्मृतीत जागा मोकळी दिसते, चकतीवरील राखीव भागही कोरा असतो. तरीही नवी आज्ञावली सुरू करू जाता ‘पुरेशी जागा नाही’ असे उत्तर मिळते. यंत्र बिघडले असा समज होतो आणि नव्या यंत्राची मागणी पुढे येते. वस्तुतः यंत्राचे उत्तर खरे असते. जागा वापरणे आणि जागा राखून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कोड्याचा उलगडा होतो.

पाने आणि स्वॅप

संगणकाची मुख्य स्मृती, म्हणजेच रॅम, वेगवान परंतु मर्यादित असते. तिचे समान आकाराचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा भागास ‘पान’ म्हणतात. सर्वसाधारण यंत्रावर एक पान ४ किलोबाइटचे असते. या हिशेबाने १ गिगाबाइट स्मृतीत २,६२,१४४ पाने मावतात. मुख्य स्मृती अपुरी पडू लागली की बराच काळ न लागलेली पाने चकतीवरील नेमून दिलेल्या जागी हलविली जातात. ही जागा म्हणजे ‘स्वॅप’.

केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा पाया घातला. प्रारंभीच्या काळात संपूर्ण आज्ञावलीच स्मृतीतून चकतीवर आणि चकतीवरून पुन्हा स्मृतीत नेली जाई. १९७९ च्या बर्कले आवृत्तीत एकेक पान हलविण्याची सोय झाली आणि स्मृतीचा वापर अधिक काटकसरीने होऊ लागला.

तरतूद आणि खर्च

ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाशी परिचित असलेल्यांना पुढील भाग अवघड वाटू नये. एखाद्या कामासाठी रक्कम राखून ठेवली की ती खर्च झालेली नसते, पण दुसऱ्या कामासाठी उपलब्धही नसते. तिजोरीत पैसा दिसत असूनही नवे काम मंजूर करता येत नाही. सोलारिस या युनिक्स प्रणालीचा स्मृतीविषयक व्यवहार नेमका असाच आहे.

सोलारिसमध्ये आज्ञावलीने लिहिण्यासाठी जागा मागितली की तेवढी जागा तत्काळ तिच्या नावे आरक्षित होते. त्या जागेत प्रत्यक्ष काही लिहिले गेले म्हणजेच तिचे वाटप होते. हे आरक्षण केवळ चकतीवरील स्वॅपमधून होत नाही. मुख्य स्मृतीचा बराचसा भागही त्याच खात्यात धरला जातो. समजा, या खात्यात एकूण ७ गिगाबाइट जागा आहे आणि त्यांपैकी ४ गिगाबाइट चकतीवर आहे. चालू आज्ञावलींनी २ गिगाबाइट प्रत्यक्ष वापरली असून आणखी ४ गिगाबाइट राखून ठेवली आहे. ‘स्वॅप -एस’ ही आज्ञा दिल्यास वाटप २, आरक्षण ४, वापर ६ आणि उपलब्ध १ असा हिशेब दिसेल. ‘स्वॅप -एल’ मात्र केवळ चकतीचा हिशेब देते. तेथे सर्व ४ गिगाबाइट मोकळी दिसू शकेल. अशा वेळी २ गिगाबाइटची नवी मागणी नाकारली जाते.

आणखी एक कारण संभवते. युनिक्समध्ये एका आज्ञावलीने दुसरी सुरू करताना बहुधा प्रथम स्वतःची प्रत निर्माण केली जाते. ३ गिगाबाइट व्यापणाऱ्या आज्ञावलीने एखादे किरकोळ काम सुरू केले, तरी क्षणभर आणखी जवळजवळ तेवढ्याच आरक्षणाची गरज भासते. चकतीवर अधिक स्वॅप जोडताच अडचण दूर होते. त्या नव्या जागेवर पुढे एक अक्षरही लिहिले गेले नाही, तरी तिचा उपयोग झालेलाच असतो. कारण तिने आश्वासनाला आधार दिलेला असतो.

उदार धोरणाची किंमत

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सचे नेहमीचे धोरण याहून उदार आहे. मागितलेली सर्व जागा सहसा वापरली जात नाही, या अनुभवावर विसंबून लिनक्स हाती असलेल्या जागेपेक्षा अधिक जागेचे आश्वासन देते. त्यामुळे सहसा मागणी नाकारली जात नाही. परंतु सर्वांनी एकदम आपला वाटा वापरावयास घेतला आणि जागा संपली, तर लिनक्स एखादी आज्ञावली निवडून ती सक्तीने बंद करते. ती माहितीकोशाची असल्यास चालू काम अर्ध्यावर तुटते. म्हणूनच पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या मार्गदर्शिकेत कडक हिशेबाचे धोरण सुचविलेले आहे. ते स्वीकारल्यास आश्वासनांची मर्यादा संपूर्ण स्वॅप आणि मुख्य स्मृतीचा ठरावीक हिस्सा यांच्या बेरजेइतकी राहते. हा हिस्सा मूळ मांडणीत निम्मा असतो.

काय पाहावे ?

केवळ ‘मोकळी स्मृती’ हा आकडा पाहून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. रिकामी स्मृती लिनक्स फायलींच्या प्रती जवळ ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच ती सोडते; यास्तव ‘उपलब्ध’ हा रकाना अधिक विश्वसनीय होय. स्वॅप काही अंशी भरलेली असणे हेही संकटाचे लक्षण नाही. ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेच्या ‘एसआय’ आणि ‘एसओ’ रकान्यांत सतत मोठे आकडे येऊ लागले, तर मात्र पानांची ये-जा वाढली असून स्मृती खरोखरच अपुरी आहे, असे समजावे. त्या वेळी मुख्य स्मृती वाढविणे इष्ट. ये-जा नाही, पण मागणी नाकारली जात असेल, तर बहुधा आरक्षणाची अडचण असते आणि स्वॅप वाढविल्यानेही काम भागते.

यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव मंजुरीसाठी आला असता, प्रश्न वापराचा आहे की आरक्षणाचा, एवढी विचारणा अवश्य व्हावी. तिच्या उत्तरावर सार्वजनिक निधीची बचत आणि लोकांच्या नोंदींची सुरक्षितता ही दोन्ही अवलंबून असतात.