तापलेली खंजिरी

पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडतं. मग कुणीतरी चार काड्या पेटवून तिला आचेवर धरतो, बोट मारून कानाशी नेतो, मान हलवतो, पुन्हा धरतो. पेटीवाला तोवर सूर दाबून बसलेला. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीपासून पार चंद्रपूरपर्यंत भजनी मंडळाची बैठक अशीच लागते. वाद्याला घाई चालत नाही, माणसांना तर नाहीच.

यातल्या कितीतरी मंडळांचं मूळ मोझरीत आहे. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात ‘तुकड्या’ झाला. पुढे सगळा विदर्भ त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागला. 1935 साली त्यांनी मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. शाखा म्हणजे भगव्या टोप्या, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि भजन. त्याच लोकांच्या हातात सकाळी खराटा.

खंजिरीच का? माझं उत्तर साधं आहे. वीणा-मृदंगाला तालीम लागते, तबल्याला जोडी लागते. खंजिरी पिशवीत मावते, डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी वाजवता येते, आणि वाजवणाराच गातो. पण एकट्यानं गाऊन भागत नाही. पुढचा कडवं म्हणतो, मागच्यांनी ध्रुपद उचलायचं. मागचे ढिले पडले की कितीही गोड गळा असो, भजन बसतं. म्हणूनच ही गाण्याची मैफल नव्हे, गावाची बैठक झाली.

या बैठकीचं ब्रिटिश सरकारलाही भय वाटलं. ऑगस्ट 1942 च्या स्वातंत्र्यलढ्यात चिमूर, आष्टी ही गावं पेटली आणि महाराज तुरुंगात गेले. पुढे त्यांची ‘ग्रामगीता’ 1955 साली प्रसिद्ध झाली; त्याच वर्षी ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले.

फुलसावंगीच्या पट्ट्यात बंजारा तांडे दाट आहेत. तिथं होळीला लेंगी गीतं रंगतात, डफडं घुमतं. आता याच मुलखात खंजिरी भजनाच्या स्पर्धाही होतात. पुरुष गट, महिला गट, बालगट. रात्र सरते तरी एखाद्या मंडळाची पाळी यायची असते. स्पर्धेनं भजनाचा बाजार झाला, अशी कुरकुर ऐकू येते. मला ती पटत नाही. साथ तुटली तर गुण जातात, या धाकानंच तरण्या पोरांचे टाळ एका ठेक्यात पडतात. माझा राग आहे तो ध्वनिक्षेपकातल्या घुमाऱ्यावर. त्यात मागचं ध्रुपद बुडून जातं आणि पुढचा एकटाच उरतो.

महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले. पुण्यतिथीला मोझरीत दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळा जमाव उभ्या जागी गप्प होतो. टाळही हातातच थांबतात.

बैठकीत आता प्लास्टिकच्या पानाची खंजिरीही दिसते. तिला पाऊस बाधत नाही, तापवावंही लागत नाही. जुने वादक ती हातात घेतात, बोट मारतात आणि काही न बोलता शेजाऱ्याकडे देतात.