चुलीपासून मांडायचा हिशेब

धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं. आराखडा केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांचा, संघटन नर्मदा बचाव आंदोलनाचं आणि घाम गावाचा. बांधाचं काम श्रमदानातून उभं राहिलं. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे याच प्रकल्पाची प्रेरणा सांगितली जाते. पुढे सरदार सरोवराची उंची वाढत गेली आणि २००६च्या पावसाळ्यात फुगवट्याच्या पाण्याने ते केंद्र बुडवलं. त्या धरणाने नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे, पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पाड्यांना त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न तिथली माणसं आजही विचारतात.

नंदुरबारमध्ये जैवऊर्जेची चर्चा करताना मला हा इतिहास आधी सांगावासा वाटतो. ऊर्जा इथे तयार व्हावी, वापर दुसरीकडे व्हावा आणि किंमत इथल्याच माणसाने मोजावी, हे या जिल्ह्याने एकदा भोगलं आहे. धरणाच्या जागी काडीकचरा दाबून केलेल्या इंधनगोळ्यांचा, म्हणजे पेलेट्सचा कारखाना आला म्हणून तो धोका आपोआप टळत नाही.

स्थानिक ऊर्जेच्या विचाराची चौकट मात्र महाराष्ट्रातच तयार झालेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतले डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९५ साली ऊर्जा-स्वयंपूर्ण तालुक्याची कल्पना मांडली. तालुक्यातले शेतातले अवशेष आणि ऊर्जापिकं यांवर दहा-वीस मेगावॅटची केंद्रं चालवायची, रोजगारही तिथेच निर्माण करायचा. एकक म्हणून तालुका धरणं मला या मांडणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर परवडेल इतक्या अंतरातच काडीकचऱ्याला किंमत असते. त्यापलीकडे वाहतुकीचा खर्चच ती किंमत खाऊन टाकतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यासाठी तर एकच आराखडा पुरणारच नाही. तापीकाठच्या शहादा, तळोदा, नंदुरबार भागात काळी जमीन, कापूस, ऊस, केळी, पपई. सातपुड्यातल्या अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुव्यात उताराची शेती, मका, ज्वारी, जंगल. नवापूरकडे भात.

आधी कापसाचं गणित पाहू. एक मेगावॅटचं केंद्र वर्षभर चालवायला साधारण नऊ ते दहा हजार टन सुकं जैवइंधन लागतं. कापसाच्या एका हेक्टरमधून दोन-तीन टन पऱ्हाट्या निघतात. म्हणजे एका मेगावॅटमागे जवळपास चार हजार हेक्टर आणि दहा मेगावॅटला चाळीस हजार. कागदावर हा आकडा छान जमतो: लागवडीखालचं क्षेत्र घ्या, हेक्टरी उताऱ्याने गुणा, ‘उपलब्ध अवशेष’ तयार. पण या पऱ्हाट्या आज पडून असतात का? वेचणी संपली की भूमिहीन घरातल्या बाया त्या उपटून मोळ्या बांधून नेतात, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांच्या चुली त्यावर पेटतात. शेतकऱ्याचं रान मोकळं होतं, मजुराला सरपण मिळतं. पैशाचा व्यवहार नसल्यामुळे ‘उपलब्ध अवशेषां’च्या हिशेबात त्याची नोंद सहसा नसते. उद्या पऱ्हाटीला टनामागे भाव आला की बांधावर ‘नेऊ नका’ म्हणणारा माणूस उभा राहील. मोळी नेणाऱ्या बाईच्या चुलीचा पर्याय त्याआधी ठरलेला नसेल, तर ती डोंगरात लाकूड तोडायला जाईल आणि आपण खनिज इंधन वाचवल्याचा अहवाल लिहून मोकळे होऊ.

भाव मिळू नये असं मी म्हणत नाही. उलट त्यात शेतीचाही एक मोठा फायदा दडलेला आहे. पाण्याची सोय असलेले शेतकरी फरदड घेतात, म्हणजे कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवतात आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. डिसेंबर-जानेवारीतच पीक काढा, असा कृषी विभागाचा आग्रह वर्षानुवर्षं आहे. त्याच वेळी पऱ्हाटीचे रोख पैसे हातात पडले तर फरदडीचा मोह कमी होऊ शकेल. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीच्या फळ्या आणि पेलेट्स यांवर काम केलेलंच आहे.

पेलेट्स मग जाणार कुठे? औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवइंधन मिसळावं असं केंद्राचं धोरण आहे, आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या नंदुरबारहून भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र फार लांब नाही. तरी पहिला हक्क इथल्या उष्णतेच्या गरजांचा असावा असं मला वाटतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या उघड्यावर वाळतात आणि अवकाळी पाऊस लाल माल काळा करून जातो. पऱ्हाटीवर चालणारे सामायिक वाळवणी कक्ष तिथे उभे राहिले तर काडीची कमाई जिल्ह्यातच राहील.

ऊस हा वेगळा विषय. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर कारखाना आणि डोकारे इथला आदिवासी कारखाना ही इथली जुनी केंद्रं. एक टन उसातून सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस, ४० किलोच्या आसपास मळी आणि ३० ते ४० किलो प्रेसमड निघतं. मळीचं इथेनॉल होतं, आणि २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर त्याला मोठी बाजारपेठ मिळाली. ती किती चंचल आहे तेही दिसलं: ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. जिल्ह्याचं नियोजन अशा एका आदेशावर टांगलेलं नसावं. प्रेसमडपासून बायोगॅस हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण गॅस काढून झाल्यावरही खत उरतं आणि ते पुन्हा शेतात जातं. आणि उसाच्या ऊर्जेबद्दल बोलताना कोयत्याला विसरता येणार नाही. दर दिवाळीनंतर या जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. अभ्यासक यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरातल्या या स्थलांतरावर १९७०च्या दशकापासून लिहिलं आहे. या कुटुंबांच्या हाताला गावात काम देणारी जैवऊर्जा हवी.

डोंगरात गेलं की मेगावॅटची भाषाच सोडावी लागते. तिथे ऊर्जेची मुख्य गरज चुलीची आहे. २०१६च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघर नेला, पण पुन्हा भरायचा तर रोख पैसे लागतात, आणि आपल्या देशाचा निम्म्याहून अधिक एलपीजी आयात होतो. दोन घनमीटरच्या बायोगॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यातून महिन्याला २५ किलोच्या आसपास एलपीजीइतकं इंधन मिळतं. पण शेणाइतकंच पाणीही लागतं. जिथे मे महिन्यात बाई हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरते, तिथे संयंत्राला तेवढं पाणी घाल असं सांगायचं कसं? आणि तोरणमाळच्या थंडीत गॅसही मंदावतो. अशा पाड्यांवर धूर कमी करणारी, कमी लाकूड खाणारी चूल हीच पहिली जैवऊर्जा योजना ठरते.

‘पडीक’ जमिनीचा मोहही टाळायला हवा. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडापासून बायोडिझेलची भव्य स्वप्नं रंगवली. पडीक जमिनीवर पाण्याविना वाढलेल्या झाडांनी पुरेशा बिया दिल्या नाहीत आणि कार्यक्रम विरून गेला. सातपुड्यात जिला महसुली दप्तर पडीक म्हणतं, तिथे गुरं चरतात आणि चारा कापला जातो. मोहाचंही तसंच. त्याच्या फुलांत साखर आहे, टोळंबीत, म्हणजे बियांत तेल आहे, म्हणून इंधनाच्या यादीत त्याचं नाव घालणं सोपं आहे. पण मोलगीच्या बाजारात तीच फुलं घरखर्चाचे पैसे होतात, आणि टोळंबीचं तेल जेवणात लागतं.

जंगलातलं काय इंधनात घालायचं हे ठरवायचा अधिकार गावाला कायद्याने आधीच दिलेला आहे. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, १९९६चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४चे नियम गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानतात, आणि २०१५पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे जातो. त्या निधीतून गावागावात एक साधी वही सुरू करता येईल: कोणत्या महिन्यात कोण, कुठून, किती सरपण आणतं, गुरांना किती चारा लागतो, शेतात किती काडी कुजवायला ठेवावी लागते. हे सगळं वजा करून जे उरेल, तेवढंच कारखान्याच्या प्रस्तावात ‘उपलब्ध’ म्हणून लिहावं, आणि त्या आकड्याखाली ग्रामसभेची सही असावी.