दुधातील बुरशीविष आणि ते वेगळे काढणारी नळी

मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर, गोरेगावजवळील आरे वसाहतीत हलविण्याच्या कार्यास १९४९ साली आरंभ झाला. आरेखेरीज अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजूसही तबेले आहेत. खेड्यातील गोठा आणि उपनगरातील तबेला यांत एक मोठा फरक आहे. तबेलेवाल्याजवळ स्वतःची जमीन नसते. म्हशींचे आंबोण सर्वस्वी विकत घ्यावे लागते. सरकीची पेंड, भुईमुगाची पेंड, तुरीची चुणी, मका, गव्हाचा कोंडा ही सर्व पोत्यांतून येतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्राकाठच्या दमट हवेत पडून राहतात. ओल धरलेल्या पेंडीवर बुरशी येण्यास फार दिवस लागत नाहीत.

या बुरशींपैकी अॅस्परजिलस फ्लेव्हस ही जात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. या विषाचा शोध १९६० साली इंग्लंडमध्ये लागला. त्या वर्षी तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले आणि तपासाअंती दोष त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत आढळला. दुभत्या जनावराच्या पोटात अफ्लाटॉक्सिन बी-१ गेले की यकृतात त्याचे रूपांतर होऊन ते एम-१ या रूपाने दुधात उतरते. साधारणतः शंभरातील एक ते दोन भाग दुधात येतात. भरपूर दूध देणाऱ्या जनावरांत हे प्रमाण याहूनही अधिक असते. दूध तापविल्याने किंवा पाश्चरीकरणाने हे विष नाहीसे होत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. लहान मुलांच्या आहारात दुधाचा वाटा मोठा असल्याने त्यांना याचा धोका अधिक असतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातील दुधाची पाहणी केली. तीत ६,४३२ नमुने तपासण्यात आले. दूध असुरक्षित ठरावे अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत निघाली. परंतु एम-१ मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर आढळले. भेसळीविषयी आपल्याकडे जितकी चर्चा होते तिच्या शतांशानेही बुरशीविषाची होत नाही, हे नवलच म्हणावयाचे.

आपल्या देशात ही मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. दोन हजार किलो दुधात एक मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारा कण, इतके हे प्रमाण सूक्ष्म होय. दुधात स्निग्धांश, प्रथिने, साखर व क्षार यांची एवढी गर्दी असते की उपकरण कितीही तीव्र असले तरी त्या गर्दीत हा कण त्याला दिसणे कठीण. म्हणून मोजणीपूर्वी नमुना शुद्ध करून घेणे अपरिहार्य ठरते.

पूर्वी हे काम क्लोरोफॉर्मने होत असे. दूध व क्लोरोफॉर्म काचपात्रात एकत्र घुसळावयाचे, थर वेगळे होण्याची वाट पाहावयाची आणि खालचा थर काढून घ्यावयाचा. परंतु दूध आणि क्लोरोफॉर्म यांचा फेसाळ कालवा होऊन थर लवकर फुटत नसत. त्यात द्रावक पुष्कळ खर्ची पडे आणि त्याची वाफ काम करणाऱ्यांस अपायकारक होती, हे निराळेच.

या अडचणीवर घनरूप शोषकाचा उपाय निघाला. प्रक्रिया केलेली सिलिकाची पूड भरलेल्या, एकदा वापरून टाकावयाच्या छोट्या नळ्या १९७८ साली बाजारात आल्या. नमुना नळीतून सोडला की हवा तो पदार्थ पुडीला चिकटून राहतो व बाकीचे वाहून जाते; मागाहून योग्य द्रावकाने तो सोडवून घेतात. तथापि साधी सिलिका फारशी निवड करीत नाही. मिळत्याजुळत्या गुणाचे इतर पदार्थही ती धरून ठेवते. ही उणीव प्रतिपिंडयुक्त नळीने भरून काढली. तिच्यातील मऊ कणांवर अफ्लाटॉक्सिनलाच ओळखणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. दूध कोमट करून व फिरवून वरची साय काढतात आणि सुमारे ५० मिलिलिटर दूध नळीतून थेंबाथेंबाने सोडतात. येथे घाई केल्यास विष न पकडले जाताच निसटते. नंतर पाण्याने नळी धुऊन थोड्या अॅसिटोनायट्राइलने विष उतरवून घेतात, द्रावक नायट्रोजनच्या झोताखाली उडवितात आणि उरलेला अंश उपकरणात मोजतात. अफ्लाटॉक्सिन अतिनील प्रकाशात स्वतः चमकते. या गुणाचाच मोजणीसाठी उपयोग होतो.

फळे व भाजीपाल्यातील कीटकनाशकांसाठी तर २००३ साली याहून सुटसुटीत रीत प्रसिद्ध झाली. तीत नळीही लागत नाही. शोषक पूड अर्कातच टाकून हलवितात आणि फिरवून तळाशी बसवितात. निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीत पूड टाकण्याची ही युक्ती फार उपयोगी पडली आहे.

नळी कितीही नेमकी असली तरी दूध मर्यादेबाहेर गेल्याचे ती मागाहून सांगते. दोष मात्र पेंडीच्या पोत्यात असतो. समजा, म्हशीस रोज पाच किलो आंबोण मिळते, त्यात किलोमागे ६० मायक्रोग्रॅम बी-१ आहे आणि ती दहा किलो दूध देते. शंभरात दोन भाग दुधात उतरले तर किलोमागे ०.६ मायक्रोग्रॅम एम-१ येईल व दूध नापास ठरेल. पशुखाद्याच्या भारतीय मानकानुसार २० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली, तर तेच प्रमाण ०.२ वर राहील.

बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. एखाद्या ढेपेतच ती दाटलेली असते. म्हणून पेंड तपासणीस पाठविताना एकाच पोत्याच्या तोंडची मूठ घेऊ नये. निरनिराळ्या पोत्यांच्या वरून, मधून व तळातून थोडी थोडी पेंड काढावी, ती एकत्र दळून नीट मिसळावी व मग त्यातील भाग कोरड्या पिशवीत भरावा. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. बुरशीचा वास येणारी ढेप भिजवून किंवा चांगल्या पेंडीत मिसळून खपवू नये. सदोष पेंड बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातील एम-१ बहुतांशी ओसरते. फेरतपासणीचा नमुना त्यानंतर घ्यावा.