सोल्डरिंग आयर्न जास्त तापतं तेव्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत आणि मीरा रोड स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत सोल्डरिंग आयर्न दिवस दिवस चालू असतं. तापणं हेच त्याचं काम, म्हणून ते प्रमाणाबाहेर तापलंय हे चटकन कळत नाही. खुणा मात्र स्पष्ट असतात. चकचकीत बिट काही सेकंदांत निळी-तपकिरी पडते, फ्लक्स लागताक्षणी जळून काळा होतो आणि मुठीपर्यंत चटका जाणवतो.

गैरसमज : बिट जितकी गरम, तितका डाख पक्का.
वस्तुस्थिती : ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसेविरहित डाखाला साधारण २१७ ते २२० अंश लागतात. शिसं असलेल्या डाखासाठी बिट ३२० ते ३७० अंशांवर असली की बहुतेक कामं होतात. त्याहून जास्त तापवलं, तर फ्लक्स आपलं काम करण्याआधीच जळतो आणि बोर्डावरचे तांब्याचे पॅड सुटून येतात. जाड जोडाला रुंद बिट आणि जास्त वॅटचं आयर्न हवं. तापमान चढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

गैरसमज : डाख चिकटत नाही, म्हणजे बिट तापत नाही.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा बिटवर ऑक्साइडचा काळा थर बसलेला असतो. तापमान वाढवलं की तो थर आणखी जाड होतो. ओलसर स्पंजवर किंवा पितळी तारेच्या गुंडाळीत बिट पुसा आणि लगेच ताजा डाख लावा. लोखंडाचा मुलामा असलेल्या बिटवर कानस कधीही चालवू नका. मुलामा गेला की आतलं तांबं डाखात विरघळतं.

गैरसमज : साधं आयर्न ठरावीक तापमानाला आपोआप थांबतं.
वस्तुस्थिती : साध्या २५ वॅटच्या आयर्नमध्ये तापमान रोखणारं काहीच नसतं. व्होल्टेज २३० वरून २५० झालं, तर उष्णता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. स्टँडवर नुसतं ठेवलेलं आयर्न सर्वांत जास्त तापतं, म्हणून चहाला उठतानाही ते बंद करावं.

गैरसमज : सोल्डरिंग स्टेशनच्या पडद्यावर ३५० दिसतंय, म्हणजे बिट ३५० अंशांवरच आहे.
वस्तुस्थिती : आकडा सेन्सरचा असतो, बिटच्या टोकाचा नव्हे. सेन्सर म्हणून बसवलेल्या थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर आयर्न तापत असताना आकडा उतरतो आणि स्टेशन उष्णता देतच राहतं. हीटर चालू-बंद करणारा ट्रायॅक शॉर्ट झाला, तर हीटर थांबतच नाही. चकचकीत बिटवर इन्फ्रारेड थर्मामीटरही चुकीचा आकडा दाखवतो. तेवढं तापमान सोसणारा के-टाइप प्रोब बिटवरच्या वितळलेल्या डाखात टेकवून मोजा.

गैरसमज : बटण बंद केलं, पाण्यात बुडवून गार केलं, की आयर्न उघडायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं, वायरिंग उलटं असेल तर फेज आयर्नपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून प्लगच काढा आणि आयर्न स्टँडवर आपोआप गार होऊ द्या. पाण्यामुळे सिरॅमिक हीटर तडकतो. मग मल्टिमीटर लावा. २३० व्होल्ट, २५ वॅटच्या निक्रोम तारेच्या हीटरचा रोध सुमारे २,१०० ओहम असतो. तो बराच कमी भरला, तर तारेचे काही वेढे शॉर्ट झालेले असू शकतात; तो हीटर बदलाच. अर्थिंग असलेल्या आयर्नमध्ये बिट आणि अर्थ पिन यांच्यातला रोध जवळजवळ शून्य असावा. फेज किंवा न्यूट्रलच्या पिनेशी मात्र बिटचा संबंध अजिबात दिसू नये. पावसाळ्यात हीटरचं इन्सुलेशन दमट होऊन करंट गळतो आणि गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. तो इशारा समजा. आरसीसीबी पडू नये म्हणून अर्थची पिन तोडू नका.

चटका बसला तर हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नका. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. आणि ज्या आयर्नचं तापमान तुमच्या ताब्यात नाही, ते दोष सापडेपर्यंत पुन्हा प्लगला लावू नका.