जोन्स, फे
(३१ जानेवारी १९२१ – ३० ऑगस्ट २००४). अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ. जन्म आर्कॅन्सॉ राज्यातील पाइन ब्लफ येथे. शाळकरी वयात फ्रँक लॉइड राइटच्या एका वास्तूवरील लघुपट पाहून त्याने हा व्यवसाय निश्चित केला. आर्कॅन्सॉ विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी (१९५०). १९५३ मध्ये राइटच्या टॅलिएसिन या कार्यशाळेत काही काळ काम करून तो फेएटव्हिल या लहान शहरातील त्याच विद्यापीठात अध्यापक झाला व १९८८ पर्यंत तेथेच राहिला. मोठ्या शहरांतील भव्य कामे त्यामुळे त्याच्या वाट्यास आली नाहीत. ओझार्क डोंगराळ भागातील दगड-लाकडाची घरे हेच त्याचे मुख्य काम होते.

याच मर्यादेतून यूरीका स्प्रिंग्झजवळचे थॉर्नक्राउन प्रार्थनामंदिर (१९८०) घडले. एका निवृत्त शिक्षकाने ते बांधविले. भोवतीची झाडे तुटू नयेत म्हणून दोन माणसांना रानातून वाहून नेता येईल एवढेच लाकूड वापरावयाचे, असे ठरले. अशा बारीक तुळया फुलीसारख्या छेदत जाऊन सु. १५ मी. उंचीच्या कैच्या तयार होतात. भिंती काचेच्या आहेत. गॉथिक चर्चला बाहेरून आधार असतो, येथे तो आतच, माथ्यावर दिसतो. जोन्सला केवळ राइटचा अनुयायी मानणे म्हणूनच अपुरे ठरते. मिसिसिपीतील पाइनकोट मंडपातही (१९८७) हीच दृष्टी आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्‌सचे सुवर्णपदक त्याला १९९० मध्ये लाभले. फेएटव्हिल येथेच त्याचे निधन झाले.