पदक हुकलं एका कुस्तीने!

खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीतलं कांस्यपदक आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या 32 वर्षं आधी, 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मल्ल रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले होते. त्या दिवसांतल्या या भन्नाट गोष्टी.

प्राणिसंग्रहालयात कुस्ती! अँटवर्पमध्ये कुस्ती आणि बॉक्सिंग, दोन्ही स्पर्धा झाल्या त्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात.

60 किलोचा गडी शिंदे फ्रीस्टाइलच्या 60 किलो गटात उतरले. ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवून त्यांनी पुढची फेरी गाठली. कांस्यपदकाची कुस्ती मात्र ब्रिटनच्याच बर्नार्डने मारली. शिंदे चौथे!

अनवाणी पायांची किमया पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले. मग त्यांनीच पुढाकार घेऊन अँटवर्पला संघ पाठवला.

बेळगावचा पठ्ठ्या त्याच संघातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. ती मॅरेथॉन होती तब्बल 42.75 किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. दुसरे मल्ल कुमार नवले 75 किलो गटात लढले.

ठोसा आणि बर्फ अँटवर्पला बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या एडी ईगनने 1932 मध्ये बर्फावरच्या बॉबस्लेचंही सुवर्ण पटकावलं. उन्हाळी आणि हिवाळी ऑलिम्पिकमध्ये वेगवेगळ्या खेळांत सुवर्ण जिंकणारा तो एकटाच.

आपले बॉक्सर कुठे होते? मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना 1925 मध्येच उभी राहिली. पण भारतीय बॉक्सर ऑलिम्पिकच्या रिंगणात उतरले थेट 1948 मध्ये, लंडनला. दोन महायुद्धांमधल्या आपल्या हौशी बॉक्सरांना ती संधी मिळालीच नाही.

अमरावती ते बर्लिन 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली.

चौथ्या क्रमांकाला पदक नसतं, पण मान असायलाच हवा. मराठी कुस्तीची ऑलिम्पिक कहाणी खाशाबांच्या आधी शिंद्यांपासून सुरू होते. तालमीतल्या पोरांना ती तिथूनच सांगायला हवी!